हर्डीकरकाकांची करसवलत

भर पावसात एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने स्वतःच्या घराच्या भिंतीवर पाइपाने पाणी मारणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो. मुकुंद हर्डीकर त्याचं नाव.

"काका, पाऊस पडतोय!" मी खिडकीतून ओरडले.

"पाऊस वरून पडतो, वर्षा," काका शांतपणे म्हणाले. "ठिणगी आडवी येते."

लॉकडाऊन नुकताच लागला होता. त्याचा सगळ्यांवरच काही ना काही परिणाम होत होता. माझा नवरा वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून उभा असायचा आणि मी डालगोना कॉफी घोटत होते. त्यामुळे काकांचं फार मनावर घेतलं नाही. पण ते तिथे थांबायचं नव्हतं.

आमचं गाव डच मुलखात, आइंडहोवनच्या जरा बाहेर आहे. रांगेतली विटांची घरं, पुढे रुमालाएवढी बाग, मागे सायकलींची शेड. आकाश बहुतेक वेळा गळकं. या देशातल्या माणसाला भीती घालायची तर पाण्याची घालावी लागते. इथे मुलांना कपडे-बुटांसकट पोहायला शिकवतात, आमच्या लेकीने, रेवाने, जॅकेट घालून पोहण्याचा डिप्लोमा मिळवला आहे. अशा देशात, जिथे सुकत घातलेला टॉवेल दोन दिवस ओलाच राहतो, तिथे एक माणूस वणव्याच्या तयारीला लागला होता.

काकांचं सगळं आयुष्य क्लीनरूममध्ये गेलं. चिप बनवायच्या यंत्रांपाशी धुळीचा कण येऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. तीस-एक वर्षं त्यांनी ते इतक्या निष्ठेने केलं, की घरी आल्यावरही ते सुटलं नाही. चिवडा ते चमच्याने खातात, आणि तोही सिंकवर वाकून. पाहुणा शिंकला तर आधी शिंक कुठल्या दिशेने गेली ते बघतात, मग "शतायुषी" म्हणतात. "कण आत आला की खेळ खलास," हे त्यांचं आवडतं वाक्य. काकू होत्या तोवर त्यांची फोडणी या कणांच्या जाचाला पुरून उरायची. मोहरी तडतडायला लागली की काका हॉलमधून "झाकण!" असं ओरडायचे आणि काकू मुद्दाम आणखी चिमूटभर टाकायच्या. कोरोनाच्या आदल्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यानंतर त्या घरातून फोडणीचा वास आला नाही. घर लख्ख झालं, इतकं की तिथे बसायला नको वाटायचं.

आणि मग काकांना वणवा सापडला. "ठिणगी म्हणजे तरी काय?" त्यांनी मला कोरोनाच्या नियमाप्रमाणे दीड मीटरवरून समजावलं. "गरम कण!"

याचं मूळ कॅलिफोर्नियात होतं. काकांची एकुलती एक मुलगी मुग्धा तिथे डोंगरउतारावरच्या एका घरात राहते. घराच्या मागे जंगल, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला अगदी टेकून एक भलंमोठं पाइनचं झाड. त्या भागात उन्हाळ्यात डोंगर पेटतात हे काकांना ठाऊक होतं. विमानं बंद होती, त्यामुळे जाऊन ते झाड स्वतः तोडण्याची सोय नव्हती. मग कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं, की अमेरिकेत काही ठिकाणी घर आगीपासून सुरक्षित करून घेणाऱ्यांना करात सवलत देतात. झालं! काकांनी लेकीचा पिच्छाच पुरवला. "माणूस भीतीचं ऐकत नाही, सवलतीचं ऐकतो," ही त्यांची खात्री.

मुग्धा जन्माने इथली, स्वभावाने बापाची. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मला आयुष्यभर सांगत आलाय. आधी तुमच्या घराचं करा ना. आणि तुमच्या डच टॅक्सवाल्यांकडून त्यासाठी सवलत मिळवून दाखवा. मिळाली, तर मी दुसऱ्याच दिवशी झाड पाडते. डील?"

दुसरा कुणी असता तर हसून फोन ठेवला असता. काका म्हणाले, "डील."

आपल्याला हसू येतं, पण काकांना ते झाड पडायला हवं होतं. तिकडची धुराची चित्रं टीव्हीवर आली की ते उठून उभे राहायचे, बसून बघवायचं नाही त्यांना.

कामाला सुरुवात झाली ती पन्हळीपासून. पन्हळीत वाळकी पानं साठतात आणि ठिणगी तिथेच घर करते, असं त्यांनी वाचलं होतं. आमच्याकडची पानं वाळकी नसतात, त्यांचा चिखल झालेला असतो, हा मुद्दा त्यांनी फेटाळून लावला. मग एका सकाळी काका शिडी लावून छपरापर्यंत चढले, ते क्लीनरूमचा जुना सूट घालून. पायापासून डोक्यापर्यंत पांढरेफटक, वर टोपडं, गॉगल, मास्क, हातमोजे. देशभर लोक घरात कोंडून बसलेले, टीव्हीवर दिवसरात्र असलेच पांढरे सूट दिसत असलेले, आणि आमच्या गल्लीत हा माणूस शिडीवर.

समोरचा विम पडदे कधीच लावत नाही. त्याने फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत काकांच्या दाराशी वाटाण्याच्या सूपचं भांडं, ट्यूलिपचे दोन गुच्छ आणि "स्टेर्क्टे", म्हणजे धीर धरा, असं लिहिलेली कार्डं जमली.

"हे काय आहे?" काकांनी मला फोन करून विचारलं.

"काका, त्यांना वाटतंय तुम्हाला कोरोना झालाय."

"झाला नाहीये मला."

"ते मला माहितीय हो!"

"मग सूप परत करावं लागेल," काका म्हणाले. त्यांचा प्रामाणिकपणा असा वेळीअवेळी उसळतो. सूप मात्र ते तोवर प्यायले होते. मग त्यांनी भांडं स्वच्छ घासलं आणि खबरदारी म्हणून तोच पांढरा सूट चढवून विमच्या दारात गेले. विमची पाचावर धारण बसली. त्याने दार उघडलंच नाही. दारातल्या टपालाच्या फटीतून तो एवढंच म्हणाला, की भांडं तुमच्याकडेच ठेवा, आमच्याकडे दुसरं आहे.

त्याच वसंतात दूरच्या एका माळरानाला खरंच आग लागली आणि वारा फिरल्यावर दोन दिवस आमच्याकडेही जळका वास आला. मी घाईने दोरीवरचे कपडे आत घेत होते. काका कुंपणापलीकडे हात मागे बांधून उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले. असा समाधानी चेहरा मी काकू गेल्यापासून त्यांचा पाहिला नव्हता.

मग करखात्याच्या हेल्पलाइनला फोन. माझं डच बरं म्हणून मला शेजारी बसवलं होतं, अर्थात खिडकीच्या बाहेर. काकांनी विचारलं, की विवरणपत्रात वणव्याचा रकाना कुठे आहे. पलीकडच्या बाईंनी अदबीने विचारलं, की तुमचं वणव्यांच्या पोर्तुगालमध्ये घर आहे का. नाही, इथेच, आपल्या ब्राबांट प्रांतात, असं काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मेनेर," म्हणजे साहेब, "आत्ता तुमच्याकडे पाऊस पडतोय का?"

"पडतोय."

"आमच्याकडेही," बाई म्हणाल्या.

फोन ठेवून काका मला म्हणाले, "फार सभ्य बाई. पण विषय त्यांच्या खात्यात बसत नाही."

वर्षभर हेच चाललं. भिंतीलगतची सगळी झुडपं त्यांनी उपटली आणि तिथे खडी पसरली. लाकडी कुंपण काढून पत्र्याचं लावलं. पायपुसणंसुद्धा काथ्याचं होतं म्हणून हद्दपार केलं. रोज संध्याकाळी, म्हणजे मुग्धाच्या सकाळी, व्हिडिओ कॉलवर तिला दिवसभराच्या कामाचा अहवाल. माझ्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. बापलेकींचं कडाक्याचं भांडण. "अगं, छपराखालच्या झरोक्यांना बारीक जाळी लाव!" "बाबा, मी ऑफिसला चाललेय!" "ऑफिस टेबलावरच आहे तुझं, मला दिसतंय!"

शेवटी काकांनी खेमेंटेकडे, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेकडे, मोर्चा वळवला. तिथून एक उंच बाई रेनकोट घालून सायकलवरून पाहणीला आल्या. आता गंमत अशी, की खेमेंटेची त्या वर्षी नेमकी उलटी मोहीम होती. बागेतल्या फरश्या काढा, झाडं लावा, पाणी मुरू द्या, म्हणजे आम्ही मदत देऊ. काकांची मागणी होती, की मी झाडं काढली आणि खडी घातली, मला मदत द्या. बाई त्या वाळवंटाकडे बघतच राहिल्या.

"मेनेर हर्डीकर," त्या म्हणाल्या, "आमचा प्रश्न पाण्याचा आहे."

"लेकीचं घर जळायला आलं की कळेल," काका मराठीत पुटपुटले. सुदैवाने मी ते भाषांतरित केलं नाही.

बाई सायकलकडे निघाल्या. मला काकांकडे बघवेना. खांदे पाडून ते खडीत उभे होते. तेवढ्यात बाईंची नजर घराच्या कोपऱ्यावर गेली आणि त्या थबकल्या. आग लागली आणि नळाला पाणी नसलं तर काय, म्हणून काकांनी छपराचं पाणी आणणारा पाइप कापून मोठमोठ्या पिंपांत सोडला होता. बाईंचा चेहरा उजळला. पावसाचं पाणी गटारात न सोडता साठवलंय! केवढी जागरूकता! अशा घरांना सांडपाण्याच्या करात थोडी सूट होती.

"करात?" काकांनी विचारलं.

"करात," बाई म्हणाल्या.

आणि इथे काकांचा प्रामाणिकपणा पुन्हा उसळला. "पण मेव्राऊ, ती पिंपं पावसासाठी नाहीत. ती आ..."

त्यांचा पाय दाबायला हवा होता, पण मी दीड मीटरवर. मग मला दुसरं काही सुचलं नाही, मी जोरात खोकले. दोघंही उडी मारून मागे झाले. बाईंनी घाईघाईने टॅबलेटवर काहीतरी टिपलं आणि त्या सायकलवर बसून दिसेनाशा झाल्या. सवलत मंजूर झाली.

मंजुरीचा फोटो काकांनी त्याच मिनिटाला मुग्धाला पाठवला. खाली लिहिलं, "डील."

त्या रविवारी मुग्धाचा मला फोन आला. आधी ती खूप हसली. मग हसता हसता रडायला लागली.

"वर्षाताई, मी ते झाड मागच्या फॉलमध्येच, ऑक्टोबरात, पाडलं. एक दिवस डोंगरामागे धूर दिसला आणि मी घाबरले. बाबा म्हणाले होते ते सगळं केलं, जाळ्यासुद्धा लावल्या."

"अगं मग सांगितलं का नाहीस त्यांना? इथे माणूस शिडीवर चढतोय रोज!"

"कसं सांगू? आई गेल्यावर ते फोनवर फक्त 'जेवलीस का' विचारायचे. मी 'हो' म्हणायचे. झालं, संपला फोन. आता रोज तासभर भांडतात माझ्याशी. त्यांच्या आवाजात जीव आलाय, ताई. ते झाड पडलं म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आम्ही कशावर बोललो असतो? आता ते जिंकले. आता काय करू?"

माझ्या डोळ्यांसमोर शिडी येत होती. या वयात घसरले तर? म्हणून मी मनाशी ठरवलं, की गोड बोलून सांगून टाकायचं. काका पत्र्याच्या कुंपणाशी खडी सारखी करत होते.

"काका, मुग्धाच्या झाडाबद्दल थोडं बोलायचं होतं."

"पडलंय ते," काका म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तिच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं हल्ली. मागच्या ऑक्टोबरपासून. पूर्वी दिवा लावून बसायची." त्यांनी एक खडा उचलून नीट जागेवर ठेवला. "पहिल्या दिवशी ऊन पडलं तिच्या चेहऱ्यावर, आणि मला एकदम तिची आईच दिसली. मग मी त्या रात्री शांत झोपलो."

"आणि तरी तेव्हापासून त्या झाडावरून भांडताय तिच्याशी?"

"मला कळलंय असं म्हटलं असतं, तर तिने रोज फोन कशाला केला असता, वर्षा? कामाची मुलगी आहे ती."

तिनेही भांडण मुद्दामच चालू ठेवलं होतं, हे मुग्धाचं गुपित माझ्या ओठांवर होतं, तिथेच ठेवलं.

आत टेबलावरचा टॅबलेट वाजायला लागला. काकांनी हात पँटला पुसले, चेहऱ्यावर भांडणाचा आव आणला आणि दारातून वळून हळूच म्हणाले, "झाडाचं आता मिटवून टाकावं लागेल. पण तिच्या छपराची पन्हळ अजून प्लास्टिकचीच आहे. ती दिवाळीपर्यंत पुरेल."