डॉक्टरांनी ठोकलेलं कुंपण

"आयुष्यभर माणसांच्या जबड्यात स्क्रू बसवले मी! जिवंत हाडात! ते वर्षानुवर्षं हलत नाहीत. आणि तू मला सांगतेस, लाकडात चार स्क्रू मारायला सुतार बोलवा?"

दातांचे डॉक्टर जेवता जेवता उठून उभेच राहिले. बायको बिचारी एवढंच म्हणाली होती की, अहो, कुंपणाला तरी कुणी जाणता माणूस बोलवू या. पण डॉक्टरांना 'जाणता माणूस' हा शब्द फार झोंबला. घरात एक जाणता माणूस जेवत बसलेला असताना दुसरा कशाला?

बायकोला घोर लागला होता तो कुंपणाचा नव्हे, वडिलांचा. डॉक्टरांच्या सासऱ्यांनी उभा जन्म लोकांना घोड्यावर बसायला शिकवण्यात घालवला. आता शिकणारे गेले, घोडे गेले, उरली एक म्हातारी घोडी आणि तिच्याइतकाच हट्टी मालक. मागच्या थंडीत सासरे तबेल्यात घसरून पडले, आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून मुलगी मागे लागली होती, बाबा, आमच्याकडे राहायला या. सासऱ्यांनी शेवटी होकार दिला, पण कसा? "आधी घोडीची सोय, मग माझी. मागच्या मोकळ्या जागेत लाकडी कुंपण घाला. मी येऊन बघेन. पसंत नाही पडलं तर आल्या पावली परत. आणि मग पुन्हा हा विषय नको!"

म्हणजे सासरे येणार की नाही, ते आता डॉक्टरांच्या हातात होतं. बायकोला नेमकी त्याचीच धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभे राहिले. दुकानदार एका हाताने फोनवर बोलत होता, दुसऱ्या हाताने कुणाला तरी बिजागऱ्या मोजून देत होता.

"लाकडी कुंपण करायचंय. खांब रोवून झालेत, फळ्या आल्यात. स्क्रू दाखवा."

"कुंपण कशासाठी?"

"घोडीसाठी."

दुकानदाराने फोन कानापासून जरा लांब धरला. "घोडी ठेवायला कुंपण?"

"मग काय घरात ठेवू?"

"लोक घरातच ठेवतात, साहेब. जिन्याखाली. पण असो, तुमची जागा, तुमची घोडी. नवी घेतली?"

"छे! जुनी आहे. सासऱ्यांची."

"जुनी ती जुनीच! पण पाय बघून घ्या हं. हलत असतील तर वर चढू नका."

"सासरे अजून चढतात!"

"या वयात? अहो, खाली कुणाला तरी धरून उभं करा! परवाच एक रंगारी पडला."

रंगारी घोडीवर कशाला चढेल, हे डॉक्टरांना कळेना. पण अडाण्याशी वाद कुठे घालायचा!

"उंच किती आहे?" दुकानदाराने विचारलं.

"असेल पाचेक फूट."

"एवढीशी? मग भारी माल कशाला? हे घ्या." त्याने काळ्या, बारीक, टोकदार स्क्रूंचं खोकं पुढे केलं. "लाकडात सुळकन जातात."

डॉक्टरांनी एक स्क्रू उजेडात धरला आणि ते विरघळलेच. काय ते आटे! काय ती धार! थेट जबड्यात बसवावा असा देखणा. शेजारी बोटाएवढे जाड, जस्त चढवलेले, अंगाला पीळ दिलेले खिळे पडले होते, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खिळा म्हणजे रांगडा प्रकार. हातोडी घ्यायची आणि बडवायचं! घरी येताना त्यांनी एक नाजूक ड्रिल, काटकोन तपासायचा एक गुण्या आणि डोळ्यांना लावायचं भिंगही आणलं.

"काय एकेक माणसं असतात!" ते बायकोला म्हणाले. "जिन्याखाली घोडी ठेवतात म्हणे! मुक्या जनावराचे हाल!"

काम सुरू झालं. डॉक्टर तोंडाला मास्क, डोळ्याला भिंग लावून खांबापुढे बसायचे. सवयीने खांबाला म्हणायचे, "जरा कळ येईल हं, दुखलं तर हात वर करा." बायको फळी धरून शेजारी उभी. मधूनच 'कट्' असा आवाज व्हायचा आणि स्क्रूची मुंडी तुटून घरंगळायची.

"अहो, हे तुटतायत."

"लाकूड किडकं आहे! मुळातच किडकं असेल तर डॉक्टर काय करणार?"

फळ्या लावायच्या खांबांच्या कुठल्या बाजूला, हा प्रश्न तर त्यांना पडलाच नाही. अर्थातच रस्त्याच्या बाजूला! येणाऱ्या-जाणाऱ्याला सलग, सफाईदार फळ्या दिसायला नकोत? आतून बघणार कोण, तर घोडी. तिला काय कळतंय!

ठरल्या दिवशी ट्रक आला. आधी सासरे उतरले, मग घोडी. सासऱ्यांनी कुंपणाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग पुन्हा कुंपणाकडे. "दिसायला छान आहे, जावईबापू," असं म्हणून त्यांनी घोडी आत सोडली आणि फाटकाला कडी घातली.

डॉक्टरांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

घोडीने एक चक्कर मारली. गवत हुंगलं. मग प्रवासाने अंग खाजत असावं, तिने कोपऱ्यातल्या फळीला आपलं ढुंगण टेकवलं आणि डोळे मिटून सावकाश घासायला सुरुवात केली.

कट्. कट्. कट् कट् कट्!

दुधाचे दात पडावेत तशा फळ्या पडल्या! घोडीही जराशी दचकली, मग पडलेल्या फळ्यांवरून जपून पाय टाकत बाहेर आली आणि घराला वळसा घालून तडक पुढच्या अंगाला असलेल्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या दाराशी गेली. बाकावर एक गाल सुजलेला पेशंट बसला होता. सकाळपासून त्याला तोंड उघडता येत नव्हतं. घोडीने त्याच्या मांडीवर मान ठेवताच त्याचा जबडा असा उघडला की अक्कलदाढेपर्यंत सगळं दिसलं! तो चप्पल न घालताच पळाला.

डॉक्टरांचं डोकं फिरलं. त्यांनी सगळ्यांसमोर दुकानदाराला फोन लावला आणि मुद्दाम स्पीकर चालू केला. ऐकू दे सासऱ्यांना, दोष कुणाचा आहे ते!

"कसले फालतू स्क्रू दिलेत तुम्ही? घोडी नुसती टेकली तर सगळं कुंपण आडवं झालं!"

"अहो साहेब, पण घोडी टेकवून ठेवायचीच कशाला?" तिकडून आवाज आला. "काम झालं की घडी घालून माळ्यावर टाकायची!"

 मग डॉक्टरांच्या डोक्यात उजेड पडला. रंगारी, जिना, हलणारे पाय... तो गृहस्थ पहिल्यापासून शिडीच्या घोडीबद्दल बोलत होता! त्यांनी फोन बंद केला. ट्रकवाला हसून हसून चाकाला धरून खाली बसला होता.

सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी एक तुटका स्क्रू उचलून चिमटीत फिरवला. "घोडं आतून रेलतं, जावईबापू. फळी आतून असली की ती खांबावर दाबली जाते. तुम्ही ती बाहेरून लावलीत, सगळा भार या सुईवर." मग ते ट्रकवाल्याकडे वळले. "ऊठ रे. घोडी चढव. निघू या."

"बाबा!" बायकोच्या तोंडून एवढंच निघालं. तिचे डोळे भरले होते.

आणि इथे डॉक्टर भडकले. आधी दुकानदारावर चिडले होते, लाकडावर चिडले होते. पण हा राग वेगळा होता.

"निघू या काय? निघू या काय! नाही येत मला कुंपण, झालं समाधान? मी दातांचा डॉक्टर आहे! पण तुमची ही मुलगी रोज फोन उशाशी घेऊन झोपते, माहीत आहे? तुम्ही पहिल्या रिंगला उचलला नाहीत तर ती चपला घालून दाराशी उभी राहते! आणि तुम्ही फळ्या आतून की बाहेरून बघताय! एवढं कळतं तुम्हाला, तर शिकवा ना! जगाला घोड्यावर बसवलंत, मला एक खिळा ठोकायला शिकवता येत नाही?"

सासऱ्यांना आजवर या आवाजात कुणी उलट ऐकवलं नव्हतं; फार तर एखादं घोडं खिंकाळलं असेल. त्यांनी मिशी ओढली आणि पडलेली एक फळी उचलून खांबाला आतून लावून पाहिली.

"हातोडी आहे का घरात?" त्यांनी विचारलं. "खरी. दात ठोकायची नव्हे."

ट्रक रिकामा परत गेला. पिळाचे जाड खिळे आले. "कुंपण होईस्तोवरच थांबतो हं," सासरे म्हणाले. त्या रात्री बायको निवांत झोपली, आणि सकाळी चहा देता देता डॉक्टरांच्या कानाशी लागली, "अहो, होऊ देऊ नका लवकर."

तेव्हापासून डॉक्टरांचा दिनक्रम ठरला. सासरे दुपारी पडले की गुपचूप मागे जायचं आणि एखादी फळी मुद्दाम बिघडवायची. खिळा तिरपा घालायचा, फळीचं एक टोक वर चढवायचं. संध्याकाळी सासरे ती उपटणार, "जावईबापू, जावईबापू!" करणार, की एक दिवस आणखी पदरात पडला.

पण माणूस शेवटी मानी! एक दिवस डॉक्टरांना राहवेना. सासऱ्यांना एकदा तरी दाखवून द्यायचं म्हणून त्यांनी जीव ओतून एक फळी लावली. आतून, गुण्यात, लेव्हलमध्ये, खिळे एका रेषेत. आणि रोजचा नेम मोडायला नको म्हणून तिच्या शेजारची डोळे मिटून, वेडीवाकडी ठोकली.

संध्याकाळी सासरे आले. चष्मा लावला. पहिली फळी त्यांनी हाताने दाबून पाहिली, मान हलवली आणि काही न बोलता पहारीने उपटून काढली. मग दुसरीसमोर उभे राहिले, मिशीतल्या मिशीत हसले, चार पावलं मागे गेले आणि आवाज दिला,

"अगं, जरा बाहेर ये, बघ! ही मात्र जावईबापूंना अगदी झकास जमली!"