कोऱ्या पियाल्यांची चाळीस खोकी

जकातीचा परतावा मिळवून देण्यात ओशच्या बाजारात माझा हात धरणारा कोणी नाही! हे मलाच सांगावे लागते. लाजाळू माणसाची स्तुती दुसरे कोण करणार?

शायिरगुल एजेने, म्हणजे बाजारातल्या आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताईने, काश्गरहून चिनी मातीच्या पियाल्यांची चाळीस खोकी आणली होती. ती इथे खपली नाहीत, म्हणून आता कझाखस्तानला निघाली होती. माल कोराच बाहेर जात असेल, तर भरलेली जकात परत मिळते. एजेचे ट्रकभाडे त्याच पैशांवर अडले होते.

"होईल ना रे पोरा?"

"निश्चिंत राहा, एजे. त्या पियाल्यांना माणसाचा श्वासही लागलेला नाही!"

तपासणीसाठी जकात खात्याचे झानुझाक साहेब एजेच्या दुकानात आले, तेव्हा थंडीने त्यांच्या नाकाचे बीट झाले होते. अशा पाहुण्याला चहाविना ठेवणे हे पाप. टवके उडालेल्या पियालीतून चहा देणे हे महापाप. आणि एजेच्या वापरातल्या तिन्ही पियाल्यांचे टवके उडालेले! चहा ओतण्याचा मान सर्वांत धाकट्याचा, म्हणजे माझा. क्षणभरही न डगमगता मी जवळचे खोके फोडले.

पाहुणा आलेला पाहून शेजारचे दुकानदार नान घेऊन आले. दुसरे खोके! मग ड्रायव्हर, हमाल. तिसरे! मान राखायचा तर पियाली अर्धीच भरायची आणि पुन्हा पुन्हा भरायची. मी डोंगरातल्या झऱ्यासारखा वाहत होतो. इतक्या माणसांना माझी गरज आयुष्यात प्रथमच भासत होती.

"पोरगा गुणी आहे हो! लग्न झालंय का याचं?" साहेबांनी विचारले, मिशा पुसल्या आणि फॉर्म उघडला. "चला. माल कोरा आहे ना?"

अठरा तोंडे अठरा पियाल्यांवर थबकली. वाफ तेवढी वर जात राहिली.

"इलगिझ," एजे हळूच म्हणाली, "श्वास लागला रे."

"मी... मी धुऊन ठेवतो!"

"माझ्या डोळ्यांदेखत?" साहेब गरजले. "आणि मी काय लिहू? वापरणारा: मी स्वतः?"

एजेने नानचा तुकडा त्यांच्यापुढे सरकवला. साहेबांनी तो खाल्ला, सुस्कारा सोडला.

"तुझं नान खाल्लंय, एजे. खोटं लिहिणार नाही, पण वाईटही लिहिणार नाही. सदतीस खोक्यांचा परतावा मंजूर."

ट्रकभाडे निघाले!

"आणि ही तीन खोकी?" मी विचारले.

"तुझी फी!" एजे म्हणाली.

मी एकटाच राहतो. रोज वेगळ्या पियालीतून चहा पितो, आणि स्वतःचा मान राखायचा म्हणून ती अर्धीच भरतो.