प्रकाश उपलब्ध : सकाळी दहा ते बारा

सूर्यप्रकाश ही साऱ्या मानवजातीची सामाईक मालमत्ता आहे. खिडकी मात्र ज्याची त्याची असते. जगातले बहुतेक तंटे या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत उद्भवतात, आणि जिथे तंटे तिथे समिती लागते. म्हणून आमच्या वसाहतीच्या चार नंबरच्या इमारतीत 'गृहांतर्गत पुष्प-छायाचित्रण उपसमिती (उपलब्ध प्रकाश)' स्थापन झाली. मी तिचा सचिव आहे. अध्यक्ष नुकागासान रेल्वेच्या वेळापत्रक विभागातून निवृत्त झाले, त्यामुळे सूर्य त्यांना पहिल्यापासून थोडा बेशिस्त वाटतो.

घरात, दिवा न लावता, खिडकीतून येईल तेवढ्यात फुलाचा फोटो काढायचा, एवढंच आमचं काम. हे काम कोणीही एकट्याने सहज करू शकतो, हा धोका ओळखून आम्ही नियमावली केली. ती चौतीस पानांची आहे (फुलाचा उल्लेख पान एकोणतीसवर).

नियम तीन : प्रकाश म्हणजे दक्षिणेकडून येतो तो. आमच्याकडे घर बघायला आलेला माणूस आधी दक्षिण कुठे ते विचारतो आणि मग छप्पर गळतं का ते. उत्तरेला मोरी, संडास आणि न लागणाऱ्या वस्तू. त्या बाजूने जे आत येतं त्याला नियमावलीत 'उजेड' असा शब्द आहे.

नियम चार : उपलब्ध प्रकाश म्हणजे समिती उपलब्ध असताना असलेला प्रकाश. सभागृहाची किल्ली दहाला मिळते आणि बाराला परत करावी लागते. सूर्याला हे कळवलेलं आहे.

फोटो काढण्यापूर्वी त्याची सूचना फिरत्या फळीवर लावावी लागते. ही फळी दारोदार जाते. प्रत्येक घर सूचना वाचतं, आपला शिक्का उमटवतं आणि फळी शेजारच्या दाराला अडकवतं. चाळीस घरांना साधारण नऊ दिवस लागतात (तीनशे दोनमधल्या बाई लेकीकडे गेल्या असतील तर सोळा). या पद्धतीने समितीने गेल्या वर्षी चारशे बारा फोटो काढले. त्यांतल्या तीनशे नव्वद फुलांना तोवर दम धरता आला नाही, पण मांडणी सगळ्यांचीच निर्दोष आहे.

जुलैतल्या एका सकाळी, किल्ली परत करायच्या जरा आधी, दोनशे चारमधल्या ओबाताबाई सभागृहाच्या दारात उभ्या राहिल्या.

"जरा त्रास देते हं," त्या म्हणाल्या. "आसागाओची पहिली कळी उद्या उघडतेय. आमच्या ह्यांना फोटो न्यायचाय. मला मेलीला काही जमत नाही. काल पानाचा काढून बघितला, तर नुसता पांढराफटक."

त्यांचे हे, म्हणजे तामोत्सुसान, चाळीस वर्षं बाल्कनीत आसागाओचा वेल लावत आलेले. या मे महिन्यात त्यांनी बी पेरलं आणि पाचव्याच दिवशी त्यांना नदीपलीकडच्या इस्पितळात न्यावं लागलं. तिथे हळूहळू बोलणं कमी झालं. गेले नऊ दिवस तर तोंडातून शब्द नव्हता. शेवटचं बोलले होते ते एवढंच : पहिलं फूल दाखव.

आता कुंडीच का नेत नाही, असं कोणी परका विचारील. आमच्या भाषेत रोपाने मूळ धरणं आणि रोग्याने अंथरूण धरणं यांचा उच्चार एकच आहे. इस्पितळात कुंडी घेऊन जाणाऱ्याला परतताना कोणी लिफ्टमध्येसुद्धा घेत नाही. आणि आसागाओ खुडून न्यावी, तर ती पहिल्या चौकापर्यंतच मान टाकते. राहता राहिला फोटो.

नुकागासान विचारात पडले. "उघडणार किती वाजता?"

"पाच, सव्वापाच."

"सकाळी?"

"अहो, तिच्या नावातच सकाळ आहे. नऊला मिटतेसुद्धा."

"दहापर्यंत थोपवता येईल का?"

ओबाताबाई हसल्या नाहीत. मीही हसलो नाही, कारण मी ते इतिवृत्तात लिहीत होतो.

"ठीक आहे," नुकागासान शेवटी म्हणाले. "फळी राहू द्या. तातडीची बाब म्हणून आम्ही नऊ पंचावन्नलाच येतो."

समितीच्या इतिहासात नियमाला इतका मोठा अपवाद कधी केला गेला नव्हता. ओबाताबाईंनी कमरेत वाकून तीनदा आभार मानले.

दुसऱ्या दिवशी ठरल्या मिनिटाला आम्ही नऊ जण, कॅमेऱ्याच्या चार तिपाया आणि नुकागासानांच्या पत्नीची पांढरी चादर (प्रकाश परतवण्यासाठी) ओबाताबाईंच्या दक्षिणेच्या खोलीत दाखल झालो. फूल पिळून ठेवलेल्या रुमालासारखं मिटलेलं होतं. तरी आम्ही हिंमत न हरता बत्तीस फोटो काढले. त्यांतल्या सर्वोत्कृष्ट फोटोला 'संयम' हे शीर्षक एकमताने मिळालं.

चहा देताना ओबाताबाई हळूच म्हणाल्या, "पहाटे मी एक काढलाय. बघता का जरा?"

घडीचा जुना फोन होता. खरं सांगतो, तो फोटो बघितला आणि मी लेखणी खाली ठेवली. पाकळीची शीर न् शीर दिसत होती, आणि ते फूल नुकतंच जागं होऊन आपल्याकडे बघतंय असं वाटत होतं. (हे इतिवृत्तात नाही.)

"कुठे काढलात?" नुकागासानांनी विचारलं.

"ते… संडासात."

नुकागासानांनी नियमावली उघडली.

"काय करणार, रात्री वारा सुटला. कुंडी आत घेतली. खोलीतली तातामीची चटई भिजली तर हे चिडतात, म्हणून संडासातल्या खिडकीत ठेवली. पहाटे उठले माझ्या कामाला, तर बाईसाहेब उमललेल्या."

"खिडकीची दिशा?"

"उत्तर."

"काच?"

"दुधी. संडासाला आणखी कसली असणार?"

"आणि ही बाजूला पांढरी वस्तू?"

"दुधाचा खोका हो. धुऊन, कापून, उलगडून वाळत ठेवलेला. गुरुवारी गोळा करायला येतात ना."

नुकागासानांनी तिथेच निर्णय दिला. दिशा अमान्य, वेळ अमान्य, साधन कचऱ्यात मोडणारं. सबब ही 'छायाचित्रसदृश वस्तू' समजण्यात यावी. ओबाताबाई "बरं" म्हणाल्या, त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यंत्रावर ती वस्तू छापून घेतली आणि नदीपलीकडची बस पकडली. वस्तूवर समितीचं नाव चुकूनही येऊ नये हे पाहण्यासाठी मला सोबत पाठवण्यात आलं.

तामोत्सुसानांनी फोटो दोन्ही हातांत धरला. माझ्या घड्याळाप्रमाणे सात मिनिटं ते बघत होते. मग त्यांचे ओठ हलले.

"खालचं पान पिवळं पडलंय," ते म्हणाले. "पाणी जास्त घालतेस."

"घालीन नाहीतर काय. तुम्ही आहात का तिथे सांगायला?" ओबाताबाई म्हणाल्या, आणि पदराचा प्रश्न नसल्यामुळे त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"कुंडी ठेवलीस कुठे ही?"

"संडासात."

तामोत्सुसान इतके हसले की परिचारिका धावत आली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ती खिडकी दक्षिणेची होती आणि मला काहीच नीट दिसत नव्हतं.

माझा अहवाल समितीने गांभीर्याने घेतला. नियम तीन दुरुस्त झाला : प्रकाश म्हणजे उत्तरेकडून, दुधी काचेतून, संडासात येतो तो. रोज पहाटे पाच ते सात आमच्या इमारतीतले चौतीस संडास छायाचित्रणासाठी राखीव असतात. घरच्यांच्या तक्रारी एकोणीस आल्या. दोन कुटुंबं त्या वेळेपुरती पाच नंबरच्या इमारतीत जातात. दुधाचा खप दीडपट झाला (पिणारे तेवढेच आहेत). तामोत्सुसान ऑगस्टमध्ये घरी आले आणि बाल्कनीत बसून पाण्यावर देखरेख करतात. ओबाताबाईंना सन्माननीय सभासद करून घेण्याची सूचना फळीवर लावली आहे; फळी तूर्त तीनशे दोनच्या दाराला आहे.

हा वृत्तांत पुरा करताना एक त्रुटी माझ्या ध्यानात आली. खिडकीची दिशा, काचेचा प्रकार, वेळ, खोका, खालचं पान, सगळं मी नोंदवलं. फुलाचा रंग राहून गेला. नुकागासानांना विचारलं, इतर सात सदस्यांना विचारलं. दिशा सगळ्यांना आठवते, रंग एकालाही नाही.

आपणही इथवर सगळं लक्ष देऊन वाचलंत आणि फूल कोणत्या रंगाचं होतं हे एकदाही विचारलं नाहीत. तेव्हा कळवण्यास आनंद होतो की आपलं सभासदत्व मंजूर झालेलं आहे. येताना शिक्का आणावा. सकाळी दहाला.