बाकावरची सोळा वर्षं

तीन वाजता भाटीण किनेचा आवाज बसला आणि लातीर सारचं धाबं दणाणलं.

चार वाजता थिएस गावच्या बास्केटबॉल हॉलमध्ये त्याची तेरा नंबरची जर्सी सन्मानानं छताला टांगायची होती. फ्रान्समध्ये सोळा वर्षं पगारी खेळाडू म्हणून खेळून आलेला माणूस. त्यातली बहुतेक वर्षं बाकावर बसून गेली, हे गावाला ठाऊक नव्हतं, आणि किनेनं गुणगान गाऊन ते कायमचं झाकलं असतं. एकदा तरी गावानं आपल्याला मोठं म्हणावं, एवढीच त्याची इच्छा. पण बाई काल कुणाच्या तरी बारशात सहा तास गायली होती.

"मग आन्सू बोलेल की," क्लबचे अध्यक्ष म्हणाले.

आन्सू सांबू हा हॉलचा रखवालदार, जोला जमातीचा माणूस. लातीर सेरेर जमातीचा. सेरेर आणि जोला म्हणजे थट्टेचे भाऊ. एकमेकांची चारचौघांत अब्रू काढायची आणि रागवायचं नाही. लातीर परत आल्यापासून आन्सू रोज विचारायचा, "काय रे, बसून बसून पाठ दुखत नाही?"

"अहो, दुसरं कुणीही चालेल," लातीर काकुळतीला आला. "तो माझी लाज काढेल."

"काढू दे की. त्याचा हक्कच आहे तो."

"एवढे दोन मीटर उंच तुम्ही, आणि रखवालदाराला भिता होय?" बायको कुंबा म्हणाली.

आन्सूनं माइक घेतला. "मंडळी, हा खादाड सेरेर आमचा तांदूळ खाऊन एवढा वाढला. मग फ्रान्सला कशाला गेला? बसायला. इतका बसला, की बाकाला खळगा पडला."

लोक पोट धरून हसले. जर्सीऐवजी मलाच टांगा, असं लातीरला झालं.

मग आन्सूनं खिशातून चुरगळलेली वही काढली. "चारशे अकरा सामने बसून. उरले चौसष्ट. बारा मार्च, तीन मिनिटं, दोन गुण. वीस नोव्हेंबर, पाच मिनिटं, पडला. चार जानेवारी, शेवटच्या क्षणी चेंडू टाकला आणि क्लब जिंकला." तो वाचतच राहिला. सोळा वर्षं दर सामन्यानंतर सायबर कॅफेत जाऊन त्यानं हे उतरवून घेतलं होतं. लातीरची सख्खी आईसुद्धा दुसऱ्याच वर्षी कंटाळली होती.

माइक हातात येताच लातीर म्हणाला, "आन्सूसाहेब, तुमचे फार फार आभार."

आन्सूचा चेहरा पडला. "माझं काय चुकलं रे? परक्याशी बोलावं तसं बोलतोयस."

"फ्रान्सनं बिघडवलं पोराला," मागून एक म्हातारी हळहळली.

कुंबानं नवऱ्याच्या बरगडीत कोपर खुपसलं. "अहो, शिव्या द्या त्याला. लवकर."

लातीरनं डोळे पुसले. "अरे भातखाऊ, मी सोळा वर्षं बसलो ते पगार घेऊन. तू मूर्खासारखा फुकट मोजत बसलास."

आन्सूचा जीव भांड्यात पडला. हसत हसत त्यानं दोरी ओढली. जर्सी डुलत वर गेली आणि राखीव खेळाडूंच्या बाकाच्या बरोब्बर वर थांबली. हूक त्यानं परवाच तिथं ठोकून ठेवला होता.

लातीर मुकाट्यानं जाऊन तिच्याखाली बसला.