मेश्राम काकांची रविवारची शंका

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि एखाद्या माणसाबद्दल लिहावं असं तर कोणाच्या मनातही आलेलं नाही. तेव्हा मी मेश्राम काकांवर लिहायला बसलो, हा जरा आगाऊपणाच आहे. सांभाळून घ्या. पण एक स्वस्तातली एसएसडी घ्यावी की न घ्यावी याचा दीड वर्ष विचार करणारा दुसरा माणूस मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात नसेल, आणि जो एक आहे तो माझा शेजारी आहे.

एसएसडी म्हणजे कॉम्प्युटरचं सगळं साठवणारी चपटी डबी. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी ती बसवली की म्हातारा कॉम्प्युटरही पळायला लागतो. काकांचा पळत नव्हता. सकाळी बटण दाबून ते आंघोळीला जात, मग चहा ठेवत, आणि चहा उतू जायच्या सुमारास पडद्यावर काहीतरी दिसे.

काका भरवेलीच्या मँगनीज खाणीतून रिटायर झालेले. तिथे जन्मभर दगड हातात घेऊन त्याचा कस सांगायचे. जड तो चांगला, हलका तो फेकायचा. दुकानात एसएसडीही त्यांनी तशीच तळहातावर घेतली.

"पोकळ हाय बे हे! यात माल कुठं हाय?"

सगळ्या अशाच हलक्या असतात, असं दुकानदारानं शपथेवर सांगितलं. तरी काकांनी चार कंपन्यांच्या चारही डब्या जोखल्या. शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, एसएसडी लेने आए हो या लड़का देखने?"

खरंच, मुलीसाठी स्थळ पाहावं तशी त्यांची चौकशी असे. "फायदे नको सांगू बापा, फायदे तं सारेच सांगतेत. खोट सांग." मग मी सांगायचो. स्वस्तातली मोठ्या फाइली भरताना दमते. हार्ड डिस्क मरायच्या आधी खडखडते तरी, ही एक दिवस न सांगता जाते. पण हिचा आवाज नाही, वीज कमी लागते, धक्क्यानं सहसा बिघडत नाही. फार दिवस विजेशिवाय पडून राहिली तर आतलं विसरूही शकते, हे ऐकून काका हादरलेच. "अन् हे आधी काहून नाही सांगितलं?"

यातली एकेक शंका ते रविवारी सकाळी दहा वाजता हैदराबादला, मुलाला विचारत. सुमेधदादा तिथे कॉम्प्युटरच्याच कामात आहे. काकू होत्या तोवर फोन त्यांच्याकडे असे. काका मागून एवढंच म्हणत, "जेवला का विचार." काकू गेल्यावर बापलेकांचं बोलणं 'जेवला?' आणि 'हो' यातच आटपायचं. एसएसडीचा विषय निघाला, आणि दोघं चाळीस-चाळीस मिनिटं बोलू लागले.

एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, घेऊनच टाका ना आता."

"तुले काय घाई हाय?"

मग दादानंच पार्सल पाठवलं. सोबत मेसेज होता: 'बाबा, चांगली पाहून पाठवली. आता टेन्शन नका घेऊ.' मी माझ्या हातानं ती बसवली. कॉम्प्युटर पंधरा सेकंदांत सुरू झाला. मला स्वतःचाच अभिमान वाटला. काका म्हणाले, "हौ, चांगली हाय." आणि पडद्याकडे पाहत बसून राहिले.

रविवारी दहा वाजता ते फोन घेऊन अंगणात बसलेले दिसले. मी विचारलं, लावत का नाही?

"आता काय विचारू त्याले?"

"सहजच लावा."

"सहज म्हंजे काय बोलतेत बापा?"

ते खरंच विचारत होते.

पुढचे तीन रविवार तसेच गेले. त्यानंतरच्या रविवारी सव्वादहाला मला हैदराबादहून फोन आला. सुमेधदादा होता. काकांसोबत गेलो तेव्हा दुकानात दिलेला माझा नंबर त्यानं त्या दुकानदाराकडून मिळवला होता.

"भाऊ, बाबाची तब्येत बरी हाय ना?"

मी म्हटलं, बरी आहे.

"मग फोन काहून नाही?" तो म्हणाला. वर आणखी एक वाक्य बोलला, आणि घाईनं फोन ठेवला.

कुंपणावरूनच ओरडून सांगावं असं वाटलं, पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. चप्पल घालून समोरच्या दारानं गेलो. खुर्ची ओढून काकांजवळ बसलो आणि म्हणालो, "काका, दादाही दर रविवारी दहा वाजता फोन हातात घेऊन बसतो."