एक ग्लास, एक टक्का

तंबूची शेवटची दोरी खुंटीला बांधून नवनाथने जाहीर केलं, की पुढचे दोन दिवस सरकारी विजेचा एक थेंबही वापरायचा नाही.

"विजेला थेंब नसतो," चैताली म्हणाली.

"अगं, मी तत्त्वाचं बोलतोय!"

तत्त्वापायीच त्याने बायकोला पॉवर बँक घरी ठेवायला लावली होती. पॉवर बँक म्हणजे सोलापूरची वीज डब्यात भरून आणणं, असं त्याचं मत होतं. त्याऐवजी त्याने सौरऊर्जेचं घडीचं पॅनेल आणलं होतं आणि उन्हानं दगा दिलाच तर असावा म्हणून नवी पेठेतून सायकलचा एक डायनामो. सायकल आणायची तेवढी राहिली होती. गाड्यांनाही तत्त्वातून सूट नव्हती. नवनाथच्या बँकेतली चार कुटुंबं त्याच्या शब्दाखातर एसटीने माढ्याला आणि तिथून टमटमने शेखलालभाईंच्या शेतात आली होती. हुरडा खायचा आणि तंबूत राहायचं, असा बेत होता.

शेतात वीज तशीही नव्हती. विजेचा डीपी जळाला होता. वस्तीवरचे सगळे फोन पिशवीत घालून शेखलालभाईंचा थोरला, ताबीश, सकाळीच माढ्याला चार्जिंगसाठी गेला होता. बँकेतल्या मंडळींनीही नवनाथची पाठ वळताच आपापले फोन त्या पिशवीत सोडले. नवनाथने स्वतःचा फोन आणलाच नव्हता. चैतालीचा मात्र त्याने पिशवीतून परत काढून घेतला.

"आपल्याकडं सूर्य आहे की!"

दुपारी त्याच फोनवर तिच्या भावाचा, यशपालचा, जर्मनीहून मेसेज आला. 'ताई, बारसं उद्या नाही, आजच. इथला हॉल उद्या मिळत नाही. तुझ्या पाच वाजता व्हिडिओ कॉल कर. आत्याने नाव सांगितल्याशिवाय कुणाला जेवायला मिळणार नाही, असं आईने बजावलंय.'

आई, म्हणजे विठाबाई, सुनेच्या बाळंतपणासाठी तिकडेच होत्या. त्यांनी बजावलं म्हणजे पाहुणे खरंच उपाशी राहणार. आणि फोनमध्ये उरले होते तीन टक्के.

"तीन टक्क्यांत टाईप होतंय की, वहिनी," नवनाथचा सहकारी सोमेश म्हणाला. "पाठवून टाका नाव."

"बारशाचं नाव मेसेजवर?" चैतालीने असं पाहिलं, की सोमेश हुरड्याकडे वळला.

भाचीचं नाव फक्त तिलाच माहीत होतं. दवाखान्यात असताना तिच्या वडिलांनी, धर्मपालांनी, तिला जवळ बोलावून ते कानात सांगितलं होतं. "मुलगा झाला तर त्यांचं ते बघतील. मुलगी झाली तर हे." धर्मपाल पावसाळ्यात गेले. नात डिसेंबरात आली. मधल्या दिवसांत चैतालीने ते नाव कुणाला सांगितलं नव्हतं. घरात एकटी असतानाही ते तिने तोंडातून काढलं नव्हतं.

"काळजी करू नकोस, पॅनेल सकाळपासून उन्हात आहे," असं म्हणत नवनाथ बाजेकडे गेला आणि तिथेच उभा राहिला. पॅनेलवर ज्वारीच्या ओल्या पापड्या ओळीने वाळत घातल्या होत्या.

"भाभी, हे काय?"

"पापड्या की." शेखलालभाईंची बायको अकबरी खुशीत होती. "लई झ्याक तापतंय हो तुमचं काळं कापड! कुटं घावलं?"

"भाभी, ते वीज तयार करायचं यंत्र आहे."

"आगं बया! मला काय म्हाईत? पन भाऊ, काळजी नगा करू, पापड्या घालायच्या आदी मी ते घासून धुतलंय."

"धुतलंय?"

"बादलीत बुडवून."

पापड्या काढल्या, पॅनेल पुसलं, झटकलं, वायर जोडली. पॅनेलच्या कोपऱ्यातून थोडं पाणी आलं. वीज आली नाही.

उरला डायनामो. त्याला घासत फिरेल असं चाक हवं होतं. नवनाथची नजर झाडाखालच्या रसाच्या चरकावर गेली. हाताने फिरवायचा चरक, त्याला पुरुषभर उंचीचं लोखंडी चाक आणि चाकाला घुंगरं. त्याने डायनामो चाकाला टेकवून सुतळीने बांधला, वायर फोनला लावली आणि दांडा धरला.

"थांबा!" शेखलालभाई ओरडले. "मोकळा चरक फिरवायचा न्हाय. घरात भांडनं हुत्यात."

"भाई, ही अंधश्रद्धा आहे."

"आसू द्या की. तुमी उद्या जाशीला सोलापूरला. भांडनं माझ्या घरात हुनार."

अकबरीने मान हलवून दुजोरा दिला. मग चरकात ऊस घालावा लागला. ऊस घातला की रस निघणार, आणि रस निघाला की तो पिणं आलंच. नवनाथने घाम गाळून पहिला ग्लास काढला तेव्हा फोन चार टक्क्यांवर गेला.

"एक ग्लास, एक टक्का!" सोमेश आनंदाने ओरडला आणि त्याने ग्लास उचलला.

पाचव्या ग्लासाला सोमेश ढेकर देऊन बाजेवर आडवा झाला. तेव्हा हिशेबात पक्क्या असलेल्या बँकेच्या मंडळींनी पद्धत बसवली. जो पिईल त्याने फिरवायचं, जो फिरवील त्याला तहान लागेल, तहान लागली की त्याने प्यायचं. बायकांनी पदर खोचले. कॅशियरबाईंनी एका दमात दोन टक्के काढले. नवनाथ रसात कधी आलं, कधी लिंबू घालून लोकांची भूक चाळवत होता. शेखलालभाई उसाची मोळी संपवून दुसरी आणायला गेले.

पाच वाजता फोनमध्ये अकरा टक्के होते. वायर लांब नव्हती, म्हणून चैताली चरकाशेजारी उकिडवी बसली आणि तिने कॉल लावला. यशपाल दिसला. मग विठाबाई, मग सुनेची आई, मग सुनेची मावशी. प्रत्येकीने "दिसतेय का मी?" असं विचारलं, प्रत्येकीने "जेवलात का?" असं विचारलं. अकराचे सात झाले.

"आई, बाळाला आण! बॅटरी चाललीये!"

"आणते गं. तू बारीक झालीस का?"

सहा. बाळ आलं. लाल टोपडं, मिटलेल्या मुठी. आलं तेच रडत. यशपालने फोन बाळाच्या कानाशी धरला. चैतालीने रीतीप्रमाणे तोंडाभोवती हात धरून हळूच "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं.

"ताई, काहीच ऐकू येत नाही! नुसती घुंगरं वाजतायत!"

"अहो, चरक थांबवा!"

"थांबवला तर फोन जाईल!" नवनाथ दांड्यावरून ओरडला. जुना फोन होता. पाचाच्या खाली गेला की कधीही मान टाकायचा.

"ताई, मोठ्यानं!"

"अरे, कानात सांगायचं असतं!"

"चैताली," स्क्रीनवर विठाबाई आल्या. त्यांचा आवाज एकाएकी बारीक झाला. "ह्यांनी सांगितलेलं नाव आहे ना गं? मग सगळ्यांना ऐकू दे."

चार टक्के. चैतालीने हात बाजूला घेतले, छातीभर श्वास घेतला आणि ती ओरडली, "विशाखाऽऽ!"

दांड्यावरचे हात थांबले. घुंगरं थांबली. स्क्रीनवरचं बाळही रडायचं थांबलं आणि कोण बोललं ते शोधायला लागलं. मागे टाळ्या वाजल्या. विठाबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. "विशाखा," त्या म्हणाल्या, "विशाखा," आणि फोन बंद पडला.

चैतालीने काळ्या पडलेल्या फोनची वायर काढली. मग तिने पुन्हा एकदा, आता काही कारण नसताना, मोठ्यानं नाव घेतलं. बाजेवर आडव्या पडलेल्या सोमेशने हाक दिल्यासारखं घेतलं. अकबरीने घेतलं, कॅशियरबाईंनी घेतलं, आणि नवनाथने घसा ताणून घेतलं.

तेवढ्यात कालव्याच्या पलीकडून, उसाच्या फडातून, शेजारच्या सिद्धप्पाची हाक आली.

"ओ शेखलालभाईऽऽ! विशाखा कोन? हरवली व्हय? आमी येतो हुडकायला!"

शेखलालभाईंनी खांद्यावरची मोळी खाली टाकली आणि तोंडाशी दोन्ही हात धरले.

"हरवली न्हाय वोऽऽ! आत्ताच घावली! समदे या, रस प्यायला!"