जाळीतला खर्ज

जेबेझ पमरी सकाळी सात वाजता ब्लॅकबेरीच्या जाळीत कमरेपर्यंत शिरला आणि तिथंच राहिला. डोकं आणि दोन हात शेताच्या अंगाला, बाकीचा ऐवज रस्त्याच्या अंगाला. आणि हाक मारायची म्हटली, तर तोंडातून एक शब्द काढायची सोय नाही!

त्याचं असं झालं. नेटलकूमच्या चर्चमध्ये बावीस वर्षं खर्ज लावावा तो जेबेझनं. तो खालच्या सुरात शिरला की बाकांखाली झोपलेली कुत्री उठून बाहेर जायची. पण यंदा सफरचंदं उतरायच्या दिवसांत त्याला जो खोकला लागला, तो हटेना. गेल्या रविवारी स्तोत्रात ऐन देवाच्या नावाच्या जागी खोकला आला. पाद्रीसाहेबांनी बजावलं, "पमरी, येत्या रविवारी सुगीची प्रार्थना. तुम्ही खोकलात, तर तुमची जागा क्रॅबला."

ओझायस क्रॅब म्हणजे गावचा गिरणीवाला. त्याचा आवाज त्याच्या जात्यासारखा, आणि जेबेझच्या जागेवर त्याचा डोळा बावीस वर्षांचा.

आता जेबेझची बायको ट्रायफीना ही हात टेकून बसणारी बाई नव्हे. ब्लॅकबेरीच्या एका काटेरी जाळीवर ती अख्खं घर चालवायची. फळांचा मुरंबा, उरलेल्यांचा शिरका, पाल्याचा काढा, भाजलं-पोळलं तर तोच पाला वर बांधायचा, आणि चोथ्यात मोजे रंगवायचे. काटे तेवढे वाया जात, त्याची तिला हळहळ वाटे. तिनं नवऱ्याला शिरका पाजला, काढा पाजला. जेबेझचे दात जांभळे झाले, खोकला आपला होता तसाच. मग तिनं आईच्या वेळचा उपाय बाहेर काढला.

"ओढ्याकाठच्या जाळीत एक फांदी आहे. दोन्ही टोकांनी मातीत रुजलीय, कमानीसारखी. तिच्याखालून तीनदा सरपटत जायचं. आणि अहो, तिसरी फेरी होईतो तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द गेला, की खोकला दुप्पट होऊन घरी येतो."

"अगं, तो उपाय तान्ह्या लेकरांचा! माझं हे पोट बघ."

"बरं. मग रविवारी क्रॅबचं गाणं ऐका."

जेबेझनं निमूट कोट काढला. ट्रायफीनाचा मुरंबा चुलीवर होता, म्हणून तो एकटाच गेला.

पहिली फेरी पोट आत ओढून झकास पार पडली. वळसा घालून परत येताना तो दम खायला बसला, आणि घात झाला. ब्लॅकबेरी अशी काही लगडली होती की काळ्या घोसांखाली पान दिसेना. एकेक फळ अंगठ्याएवढं; जिभेवर ठेवावं तर आधी आंबट चिमटा, मग उन्हाळाभराचं ऊन. त्यानं एक खाल्लं. मग ओंजळभर. मग टोपी भरून. ती टोपीच दुसऱ्या फेरीला नडली. कमानीखाली मध्यावर आल्यावर पोट पुढं जाईना आणि मागंही येईना. खोकला आला की पाठ वर जाई, आणि पाठ वर गेली की काटे आपलं काम करत.

तेवढ्यात रस्त्यानं घोडं घेऊन क्रॅब आला. समोरचं दृश्य पाहून थबकला. पाटलोणीवरचं ठिगळ गावाच्या ओळखीचं होतं.

"जेबेझराव? अहो, हे काय? ससा धरताय का?"

जाळी गप्प.

"हां... कमानीचा उपाय! म्हणजे बोलायची बंदी." क्रॅबला उकळ्या फुटल्या. तो फाटकातून वळून जेबेझच्या तोंडासमोर येऊन ऐसपैस बसला. "नुसतं 'ओढ रे' म्हणा, ओढतो. दोनच शब्द. नाही? बरं, मग रविवारची तालीम तरी ऐका."

आणि त्यानं जेबेझचंच पद गायला घेतलं, तेही प्रत्येक सूर मुद्दाम अर्ध्यानं उतरवून. काटे परवडले. जेबेझच्या डोळ्यांत पाणी आलं. चूक सांगायला जीभ अशी वळवळली, की त्यानं मूठभर पाला तोंडात कोंबला आणि चावत राहिला. दोन कडवी झाली तरी हा बोलेना, तेव्हा क्रॅब उठला आणि थेट पाद्रीसाहेबांनाच घेऊन आला.

पाद्रीसाहेब दवानं भिजलेल्या गवतात गुडघे टेकून वाकले. "पमरी! चर्चचे गायक तुम्ही, आणि हे असलं रानटी थोतांड? उत्तर द्या!"

जेबेझनं अत्यंत आदरानं पाला चावला.

"क्रॅब, सुरी काढा. छाटा ती फांदी."

"फांदीला हात लावाल तर याद राखा!"

ट्रायफीना आली होती. चुलीवरून तडक आलेली. हातात मुरंब्याचा लांब पितळी डाव, त्यातून अजून वाफा निघत होत्या.

"बाई, माणूस अडकलाय," पाद्रीसाहेब म्हणाले.

"माणूस माझा, जाळी देवाची. यात तुमचं काय?"

पाद्रीसाहेब मोठ्या विद्यापीठात शिकलेले होते, पण याचं उत्तर तिथं शिकवलेलं नसावं. ट्रायफीनानं वाकून नवऱ्याचे ओठ पाहिले. "किती खाल्लीत? टोपीभर? वाटलंच मला." मग ती रस्त्याच्या अंगाला गेली, आणि कपड्यावर इस्त्री ठेवावी तितक्या शांतपणे तिनं तो डाव ठिगळावर ठेवला.

जेबेझ बाटलीच्या बुचासारखा पलीकडं उडाला. त्याच्या गळ्यातून असा सूर निघाला, की चर्चच्या मनोऱ्यावरचे कावळे शेजारच्या गावाला गेले ते मंगळवारी परतले.

"बोलला! बोलला!" क्रॅब नाचायला लागला.

"काय बोलला? सांग ना, कुठला शब्द?" ट्रायफीनानं विचारलं.

क्रॅबचे पाय नाचता नाचता थांबले.

"तो शब्द नव्हता, सूर होता. आणि तू मघापासून लावतोयस त्याच्यापेक्षा खरा होता. होय ना, पाद्रीसाहेब?"

पाद्रीसाहेब सत्यवचनी गृहस्थ. "शब्द... नव्हता खरा," ते पुटपुटले.

तिसऱ्या फेरीला बाई डाव घेऊन मागं उभी राहिली. जेबेझ कमानीखालून मुंगसासारखा गेला. एक काटा लागला नाही.

रविवारी त्यानं पद म्हटलं. कुत्री उठून बाहेर गेली. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत खोकला नाही की घसा खाकरणं नाही. फक्त सगळी प्रार्थना तो उभ्यानंच होता. बसण्याबद्दल त्याला कुणी विचारलं नाही. खोकला आला तो व्यासपीठावरून. दवात भिजलेल्या गुडघ्यांनी दावा साधला होता. पाद्रीसाहेबांनी अंधश्रद्धेवर प्रवचन काढलं, तीनदा त्या शब्दापाशी पोचले, तिन्हीदा खोकत सुटले, आणि चौथ्यांदा पुस्तक मिटून खाली उतरले.

सोमवारी पहाटे ट्रायफीना टोपली घेऊन ओढ्याकाठी गेली. हंगामाचा शेवटचा दिवस. गावची समजूत अशी, की दुसऱ्या दिवशी सैतान ब्लॅकबेरीवर थुंकतो, मग ती कुणी तोंडात घालत नाही. कमानीखालून एक उंची काळी पाटलोण आणि दोन चकचकीत बूट बाहेर आले होते. बूट हवेत हलत होते.

"सुप्रभात, पाद्रीसाहेब," ती म्हणाली.

उत्तर आलं नाही.

जेवढं समोर होतं तेवढ्याला ट्रायफीनानं गुडघा लववून नमस्कार केला. मग टोपली खाली ठेवून, घागरा फैलावून, पंख पसरलेल्या कोंबडीसारखी ती रस्त्यात मध्यभागी पाठमोरी उभी राहिली. घोडं घेऊन येणारा क्रॅब तिथंच थांबला.

"आज इथून वाट नाही," ती म्हणाली. "गिरणीकडून जा."

"का? काय झालं?"

"चर्चचं काम चाललंय."